थंडीत उघड्यावर काम: आधी पाय कोरडे, मग उबदार

रात्रपाळीला उघड्या यार्डात उभं राहून गाड्यांतून उतरणारा माल मोजून घ्यायचं काम मी काही हिवाळे केलं. पहिल्या हिवाळ्यात पाय गार पडायला लागले तेव्हा एकावर एक तीन सुती मोजे चढवले, बूट कसाबसा ओढला आणि लेस करकचून आवळली. तासाभरात बोटं बधिर झाली. शेजारी उभा असलेला जुना सहकारी मात्र निवांत होता. त्याच्या पायांत लोकरीचा एकच जाड मोजा होता, बूट नेहमीपेक्षा एक नंबर मोठा होता आणि तो काँक्रीटवर नाही, लाकडी फळीवर उभा होता. "पाय आवळू नकोस, भिजू देऊ नकोस, गार जमिनीवर ठेवू नकोस," एवढंच तो म्हणाला. त्यानंतर जे काही वाचलं आणि स्वतः करून पाहिलं, ते सगळं फिरून या तीन गोष्टींवरच येतं.

ऊब येते रक्तातून

मोजा ऊब तयार करत नाही, बूटही करत नाही. ते फक्त असलेली ऊब धरून ठेवतात. पायात ती ऊब आणतं रक्त. पाऊल म्हणजे बहुतेक हाडं, कंडरा आणि कातडी. उष्णता तयार करणारा मोठा स्नायू तिथे नाही. त्यात गारठा वाढला की शरीर आधी हृदय, फुप्फुसं, मेंदू सांभाळतं. आतलं तापमान 37 अंश सेल्सिअसच्या आसपास टिकवण्यासाठी हातापायांच्या कातडीकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसून घेतं. म्हणून सगळ्यात आधी पायाची बोटं गारठतात.

यावरून कामाची दिशा ठरते. रक्त पायापर्यंत पोचू द्यायचं आणि त्याने आणलेली ऊब जमिनीत, ओलीत, वाऱ्यात वाया जाऊ द्यायची नाही.

यातली ओल सगळ्यात वाईट. स्थिर हवेच्या मानाने पाणी सुमारे 25 पट वेगाने उष्णता ओढून नेतं. मोज्याची ऊब म्हणजे खरं तर त्याच्या धाग्यांत अडकलेली हवा. त्या हवेच्या जागी पाणी शिरलं की कितीही जाड मोजा असो, तो ऊब धरत नाही. आणि हे पाणी नेहमी बाहेरूनच येतं असं नाही. दोन्ही पावलांत मिळून सुमारे अडीच लाख घर्मग्रंथी असतात. कडाक्याच्या थंडीतही बंद बुटात चालणाऱ्या, ओझी उचलणाऱ्या माणसाचे पाय घामेजतात.

1950 च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये कोरियातल्या चोसिन जलाशयाच्या परिसरात लढलेल्या अमेरिकी सैनिकांना याची भयंकर किंमत मोजावी लागली. त्यांचे बूट खालून रबराचे आणि वरून चामड्याचे होते. बर्फाचं पाणी आत येत नव्हतं, पण डोंगर चढताना सुटलेला घामही बाहेर जात नव्हता. चालणं थांबलं की तोच घाम बुटात गोठायचा. हजारो जणांना हिमदंश झाला, म्हणजे थंडीने हातापायांचं मांसच गोठलं. थंडीपासून वाचवायला दिलेल्या बुटात घामानेच घात केला, ही गोष्ट मला पुढच्या सगळ्या सूचनांचा पाया वाटते.

कामावर निघण्यापूर्वी

आदल्या रात्रीपासून सुरुवात करा. बूट व्हरांड्यात किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका, घरात उबदार जागी ठेवा. रात्रभर गारठलेला बूट सकाळी पायात घातला तर पहिला अर्धा तास पायाची ऊब बूट तापवण्यातच खर्च होते.

पाय धुवून बोटांच्या फटींसकट कोरडे पुसा आणि मोजे घालण्यापूर्वी पाचदहा मिनिटं उघडे ठेवा. ज्यांच्या पायांना फार घाम येतो त्यांनी घाम कमी करणारं अँटिपर्स्पिरंट रात्री झोपताना तळव्यांना लावून पाहावं. त्यातले अॅल्युमिनियमचे क्षार घामाची छिद्रं काही काळ बुजवतात. कातडी चुरचुरली किंवा लाल झाली तर मात्र बंद करा.

आणखी एक सवय बघायला किरकोळ, पण फार उपयोगी. कामाचे मोजे आणि बूट घरून घालून निघू नका. गाडीत हीटर पायावर सोडून बसलात किंवा बसमध्ये तासभर जाड बुटात पाय कोंडलेत, तर काम सुरू होण्याआधीच मोजा दमट झालेला असतो. साधे बूट घालून जा आणि जागेवर पोचल्यावर कोरडे मोजे चढवा.

मोजे

सुती मोजा थंडीत वापरू नका. सूत घाम शोषतं, फुगतं, पायाला चिकटतं आणि लवकर वाळत नाही. लोकरीचं तसं नाही. लोकर आपल्या वजनाच्या साधारण 30 टक्के बाष्प धाग्याच्या आत सामावून घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही. बाष्प शोषताना ती थोडी उष्णताही सोडते. ओली झाली तरी तिचे कुरळे धागे सपाट होत नाहीत, त्यामुळे थोडी हवा अडकलेली राहते. लोकर टोचते म्हणून नको वाटत असेल तर मेरिनो जातीच्या मेंढीची लोकर घ्या, तिचा धागा बारीक आणि मऊ असतो. नायलॉन मिसळलेली लोकर टाचेला जास्त टिकते.

आत एक पातळ सिंथेटिक किंवा बारीक लोकरीचा मोजा आणि त्यावर एक जाड लोकरीचा, ही जोडी बहुतेक कामांना पुरते. आतला मोजा घाम कातडीपासून दूर नेतो आणि घर्षण कमी झाल्याने फोडही येत नाहीत. जाड मोजा आतल्यापेक्षा सैल हवा. तिसरा मोजा चढवायचा मोह टाळा. बुटात जागा नसेल तर तो ऊब वाढवत नाही. आतली हवा दाबली जाते, रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि पाय आणखी गार पडतो. मोज्याचं इलॅस्टिक पोटरीवर वळ उमटवत असेल तर तो मोजा बाजूला ठेवा.

टाचेला विरून जाळी झालेला मोजा उजेडासमोर धरून पाहा. आरपार उजेड दिसला तर त्या जागी ऊब धरायला काही उरलेलं नाही.

या सगळ्या लेखातली एकच सूचना पाळायची ठरवलीत तर ही पाळा: जेवणाच्या सुट्टीत मोजे बदला. ओले वाटत नसले तरी बदला. बूट काढायचा, इनसोल (बुटातला सुटा मऊ तळ) बाहेर काढून झटकायचा, पाय पुसायचे, बोटं दोन मिनिटं हाताने धरायची आणि कोरडी जोडी घालायची. सात-आठ मिनिटांचं काम आहे. काढलेले दमट मोजे पिळून सदऱ्याच्या आत, पोटाशी ठेवले तर अंगाच्या उबेने काही तासांत बरेच सुकतात.

बूट

बूट संध्याकाळी घ्यायला जा, कारण दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात. सोबत हिवाळ्यात घालायचे तेच मोजे न्या. बुटातला इनसोल काढून जमिनीवर ठेवा आणि मोज्यासकट त्यावर उभे राहा. सगळ्यात लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा उरायला हवी. मग बूट घालून, लेस बांधून, आत पायाची बोटं वरखाली हलवून बघा. मोकळेपणाने हलली नाहीत तर बूट कितीही महाग आणि जाड असो, तो थंडीचा बूट नव्हे.

बुटावर 200, 400, 800 असे ग्रॅमचे आकडे दिसतात. ते बुटाचं वजन नाही. उबेसाठी भरलेल्या अस्तराचं दर चौरस मीटरला असलेलं वजन आहे. सतत चालण्या-उचलण्याचं काम असेल तर 200 ते 400 पुरे होतं. एका जागी उभं राहायचं असेल, पहारा, वाहतूक नियंत्रण, यंत्रावर देखरेख असं काम असेल, तर 800 किंवा जास्त घ्या. "जास्तीत जास्त ग्रॅमचाच घेऊ" हा विचार मला पटत नाही. चालत्या माणसाला 1000 ग्रॅमच्या बुटात घाम फुटतो आणि त्यानंतर काय होतं ते वर सांगितलंच आहे. तसंच, बुटाच्या खोक्यावर लिहिलेलं "उणे अमुक अंशांपर्यंत" एका जागी तासन्‌तास उभ्या असलेल्या माणसालाही तसंच लागू पडेल असं धरून चालू नका.

सुरक्षा बूट घेताना त्यावरची अक्षरं वाचा. आयएसओ 20345 या सुरक्षा बुटांच्या आंतरराष्ट्रीय मानकाखाली 'सीआय' अशी खूण असेल तर त्या बुटाची थंडीची चाचणी झालेली असते. उणे 17 अंशांत 30 मिनिटं ठेवल्यावर आतल्या तळाचं तापमान 10 अंशांपेक्षा जास्त उतरता कामा नये, अशी ती चाचणी आहे. बोटांवरची टोपी पोलादी असेल तर ती बाहेरच्या थंडीइतकी गार होते आणि बोटांच्या अगदी जवळ असते. कामाचे नियम परवानगी देत असतील तर कंपोझिट, म्हणजे धातूऐवजी फायबर-प्लॅस्टिकसारख्या मिश्र पदार्थाच्या, टोपीचा बूट घ्या. संरक्षणाची टोपी लागते त्या ठिकाणी ऊब हवी म्हणून साधा बूट घालणं मात्र कधीच करू नका.

पाण्यात, चिखलात काम असेल तर रबरी बुटाला पर्याय नाही, पण तो घाम कोंडतो हे धरून मोजे दुप्पट वेळा बदलावे लागतात. कोरड्या बर्फात, कोरड्या थंडीत चामड्याचा, मेण लावलेला बूट जास्त बरा. ज्यातलं नमद्याचं (दाबून घट्ट केलेल्या लोकरीचं) अस्तर पूर्ण बाहेर निघतं असे बूट मला सगळ्यात शहाणपणाचे वाटतात. दोन अस्तरं ठेवायची, एक पायात आणि एक वाळत.

ही कल्पना जुनी आहे. उत्तर युरोपातले सामी लोक रेनडिअरच्या कातड्याचे बूट घालायचे आणि मोज्याऐवजी त्यात वाळवलेलं, कुटून मऊ केलेलं लव्हाळ्याच्या जातीचं गवत भरायचे. मुक्कामाला पोचलं की गवत बाहेर काढायचं, झटकायचं, वाळवायचं आणि पुन्हा भरायचं. रशियातले वालेंकी नावाचे बूट तर सबंध लोकरीच्या नमद्याचे असतात, कोरड्या बर्फात उत्तम. बर्फ वितळायला लागला की त्यावर रबरी गलोश चढवतात. ऊब धरणारा थर आणि पाणी अडवणारा थर वेगळे ठेवायचे म्हणजे ओला झालेला वाळवता येतो. आजचा निघणाऱ्या अस्तराचा बूट हेच करतो.

पायाखालची जमीन

तळव्यावर सगळं वजन पडतं. त्यामुळे तिथला मोजा दाबून चपटा झालेला असतो आणि गार काँक्रीट, लोखंडी पत्रा किंवा बर्फ थेट ऊब ओढून घेतो. म्हणून वरून जाड मोजा घालण्यापेक्षा खालून चांगला इनसोल जास्त काम करतो. नमदा, दाट लोकर, कॉर्क किंवा न दबणारा दाट फोम यांपैकी काहीही चालेल. बोटाने दाबल्यावर कागदासारखा पातळ होणारा मऊ स्पंज उभ्या माणसाच्या वजनाखाली काही उपयोगाचा राहत नाही. चकाकता चंदेरी थर असलेल्या इनसोलकडूनही फार अपेक्षा ठेवू नका. चकाकी किरणांची उष्णता परतवते, आणि तळव्यातून ऊब जाते ती स्पर्शाने. इनसोल वाढवला की बुटातली जागा कमी होते, तेव्हा बोटं हलतात ना, ते पुन्हा तपासा.

एका जागी उभं राहायचं असेल तर पायाखाली काहीतरी घ्याच. लाकडी फळी, पॅलेट, जाड रबरी चटई, काहीच नसेल तर खोक्याचा पुठ्ठा दोन-तीन घड्या करून. पुठ्ठा ओला होईपर्यंत फार छान काम करतो, कारण त्याच्या नागमोडी पन्हाळ्यांत हवा असते. फळी डगमगत नाही आणि तिच्यावर बर्फ साचलेला नाही, एवढं बघून घ्या.

पाय गार, तर कानटोपी घाला

ऐकायला विचित्र वाटतं, पण पायात रक्त येणार की नाही हे छाती-पोट किती उबदार आहे यावर ठरतं. मधला भाग गारठला की शरीर हातापायांचा पुरवठा आवळतं. म्हणून पाय गार पडायला लागले की आधी अंगात आणखी एक थर चढवा, कान झाका, गळा झाका. पायाकडे जाणारं रक्त मांडी-पोटरीतून जातं, म्हणून पातळ पँटऐवजी आत थर्मल आणि वर वारा अडवणारी पँट हवी. बर्फात गेटर (बुटाचं तोंड आणि पोटरी झाकणारं आवरण) बांधले तर बुटाच्या तोंडातून बर्फ आत पडत नाही.

पोटभर खाऊन कामाला लागा आणि पाणी पीत राहा. दारूने ऊब आल्यासारखी वाटते, कारण कातडीतल्या रक्तवाहिन्या पसरतात. पण त्यातून आतली ऊब बाहेर निघून जाते. निकोटिन उलटं करतं, वाहिन्या आणखी आकसवतं. सुट्टीत ओढलेली सिगारेट बोटांपर्यंत पोचणारं रक्त कमी करते.

काम चालू असताना

अंगमेहनत सुरू होण्याआधी लेस थोडी सैल करा, वरचा एखादा थर काढा, घाम फुटायची वाट बघू नका. थांबलात की लगेच थर परत घाला. थंडी वाजायला लागल्यावर घातलेला थर उशिरा घातलेला असतो.

उभं राहायचं असेल तर दर दहा-पंधरा मिनिटांनी टाचा वर-खाली करा, वीस-तीस वेळा. पोटरीचा स्नायू आकसला की पायातलं रक्त वर ढकललं जातं आणि नवीन रक्ताला वाट होते. मग एका हाताने कशाचा तरी आधार घेऊन एकेक पाय मांडीपासून सैल सोडून मागे-पुढे जोरात झुलवा, पन्नासेक वेळा. बोटांपर्यंत रक्त उतरल्याचं जाणवतं. नुसते पाय आपटण्याने तेवढं साधत नाही.

बोटं दुखत आहेत तोवर ती जिवंत असल्याची खात्री असते. दुखता दुखता अचानक दुखायचं थांबलं आणि तुम्ही काहीच केलेलं नाही, तर ते बरं लक्षण नव्हे. लगेच आत जा, बूट काढा, बघा.

पाय ओले झाले आणि कोरडी जोडी एकच उरली असेल तर पातळ आतल्या मोज्यावर साधी प्लॅस्टिकची पिशवी घाला आणि तिच्यावर कोरडा लोकरीचा मोजा. कातडी दमट राहते, पण ऊब धरणारा मोजा कोरडा राहतो. काही तासांपुरतंच हे करा आणि घरी गेल्यावर पाय नीट सुकवा.

बुटात ठेवायच्या उष्णतेच्या पुड्यांत लोखंडाची पूड असते. ती हवेतल्या ऑक्सिजनने गंजते आणि त्यातून उष्णता निघते. घट्ट बुटात हवाच नसेल तर पुडी थंड पडते, म्हणून पायासाठी बनवलेलीच घ्या आणि बुटात ठेवण्याआधी काही मिनिटं मोकळ्या हवेत राहू द्या. मोज्याच्या वरून लावा, उघड्या कातडीला कधीही नाही. मधुमेहामुळे पायाची जाणीव कमी झालेल्यांनी पुड्या आणि बॅटरीवर तापणारे मोजे दोन्ही टाळावेत, भाजलेलं कळत नाही. बॅटरीचे मोजे वापरायचे असतील तर बॅटरी अंगाजवळ ठेवा, थंडीत तिचा दम लवकर संपतो.

कोणत्या खुणा दिसल्या की काम थांबवायचं

बोटांवर लाल-जांभळे, खाजणारे, ठणकणारे चट्टे उठले तर ते बहुधा ओल्या थंडीनंतर एकदम शेकल्याने आलेले असतात. गारठलेले पाय थेट शेगडीला लावणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. खाजवू नका, हळूहळू ऊब द्या. सहसा काही आठवड्यांत बरे होतात.

तासन्‌तास ओल्या बुटात राहिल्याने पाय पांढुरके, सुरकुतलेले, बधिर आणि नंतर सुजलेले, ठणकणारे होतात. याला खंदकपाय म्हणता येईल, कारण 1914-15 च्या हिवाळ्यात पहिल्या महायुद्धाच्या चिखलभरल्या खंदकांत हजारो सैनिकांचे पाय असे नासले. त्याला बर्फ लागत नाही. 15 अंशांतही तो होतो, फक्त ओल टिकून राहिली पाहिजे. तेव्हा सैन्यात सक्तीने मोजे बदलायला लावायचे आणि सैनिकांनी एकमेकांचे पाय तपासायचे असा नियम केला गेला. आजही दोघांनी मिळून काम करताना ही पद्धत घ्यावी. स्वतःच्या बधिर पायाबद्दल माणूस स्वतःला फसवतो, सोबत्याला फसवणं जड जातं.

हिमदंशात कातडी पांढरी, राखाडी किंवा मेणासारखी दिसते, कडक लागते आणि स्पर्श कळत नाही. चोळू नका, बर्फाने तर मुळीच नाही. आगीवर किंवा हीटरवर शेकू नका. पुन्हा गोठण्याची शक्यता असेल तर तिथे वितळवू नका, कारण वितळून परत गोठलेलं मांस जास्त खराब होतं. सुरक्षित जागी पोचल्यावर 37 ते 39 अंशांच्या पाण्यात पाय बुडवून ठेवा आणि पाणी निवू देऊ नका. साधारण अर्ध्या तासात कातडी मऊ आणि लालसर व्हायला लागते, दुखतं फार. पाण्याचं तापमान त्या बधिर पायाने पाहू नका, थर्मामीटरने किंवा दुसऱ्याच्या कोपराने पाहा. मग बोटांमध्ये कोरडी पट्टी ठेवून, पायावर भार न देता डॉक्टरांकडे जा.

थोड्याशा गारव्यानेही बोटं आधी पांढरी, मग निळी, मग लाल होत असतील तर तो रेनोचा विकार असू शकतो. असं वरचेवर होत असेल तर तपासून घ्या.

घरी आल्यावर

बूट काढल्या काढल्या लेस पूर्ण सैल करा, जीभ बाहेर ओढा, इनसोल आणि अस्तर वेगळं करा. बुटात रद्दी पेपरचे बोळे टोकापर्यंत कोंबा आणि तासाभराने बदला, पहिले बोळे ओले निघतील. हीटरला टेकवून ठेवू नका. चामडं कडक होऊन तडकतं, सोलचा डिंक सुटतो. साध्या खोलीत, पंख्याच्या मंद वाऱ्यात ठेवणं चांगलं. एका रात्रीत बूट आतून पुरता वाळत नाही, म्हणून रोज थंडीत काम असेल तर दोन जोड आळीपाळीने वापरा. पैसे एकाच जोडावर खर्च करण्यापेक्षा मध्यम प्रतीचे दोन जोड घेणं मला पटतं.

सकाळी इनसोल परत बसवण्याआधी बुटाच्या अगदी टोकाशी, जिथे बोटं असतात, हाताची मागची बाजू लावून पाहा. तिथे जरा जरी गार ओलसर लागलं तर आज दुसरा जोड घाला.